पालथ्या माणसाला सांगितलेला सिनेमा

सासरे : ‘बाबा, आता पळू?’ असं विचारायचा. दर वेळी. मी बोट वर केलं की पळायचं आणि खाली केलं की थांबायचं, एवढंच त्याला शिकवलं होतं. पण बोट वर केलं तरी आधी विचारणार. मग त्याचा तो चिमणा आवाज टेपवर जायचा आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

सून : केवढा होता तेव्हा?

सासरे : पुढचे दात पडायचे होते. सिनेमात एक पोरगं आईला शोधत जिन्यावरून धावत खाली येतं, आणि त्याच्या पावलांचा आवाज मला स्टुडिओत करायचा होता. आता माझे पाय थोराड. मोठ्या माणसाने कितीही हलकं पाऊल टाकलं तरी ते पोराचं होत नाही, त्यात वय वाजतं. म्हणून घरचंच पोर धरून नेलं, तुझा नवरा. त्यानंतर आमच्या स्टुडिओत कुठल्याही सिनेमातलं लहान मूल पळालं, की पडद्यावर पाय दुसऱ्याचे आणि पावलं आपल्याची.

सून : हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानेसुद्धा.

सासरे : त्याला आठवत नसेल. मलाही आजच कसं आठवलं कोण जाणे. पालथं पडलं की कान जमिनीला लागतो, म्हणून असेल.

सून : हनुवटी खाली घ्या. उशीच्या भोकात तोंड नीट बसवा. नाक जमिनीकडे.

सासरे : डॉक्टरचं काय जातंय ‘पालथे पडा’ म्हणायला. तीन महिन्यांचं पोर पालथं पडलं तर घरभर कौतुक होतं. मी पडलो तर नुसती दटावणी.

सून : कौतुकही करते. पण मान उचलू नका. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, तो वर चढायला बघतो. तुम्ही पालथे असाल तरच तो मागचा पडदा दाबून धरेल. उताणे झालात की पडदा पुन्हा सुटला म्हणून समजा. आणि दुसरा डोळा काय उपयोगाचा उरलाय ते तुम्हाला ठाऊक आहे.

सासरे : ठाऊक आहे. जन्मभर कानांवर पोट भरलं आणि म्हातारपणी डोळ्यासाठी कोण धडपड. बरं, तू सकाळी सांगत होतीस तो स्वीडिश सिनेमा अर्धवट राहिलाय ना? लाव. ती म्हातारी आणि तिचा मुलगा बोट रंगवत बसलेत तिथपर्यंत आलो होतो.

सून : आज दमलात तर उद्या बघू. नाहीतर कालचा तो अमेरिकन पुन्हा लावते. तुम्हाला आवडला होता.

सासरे : आवडला होता, पण पुन्हा नको. त्यांचा सिनेमा म्हणजे लग्नाचं घर गं. दोन तास माणसांनी भरलेलं, कुणी रुसतंय, कुणी मनवतंय, आणि निघताना सगळ्यांच्या हातात काहीतरी. एकट्या माणसाला फार बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी कोण पुन्हा मांडवात जाऊन बसतं?

सून : काल शेवटी तुमचा आवाज बसला होता.

सासरे : बसणारच. त्यांनी बसवला. मुलगी विमानतळावर, बाप धापा टाकत मागून येतोय, आणि ती वळायच्या आधीच व्हायोलिन सुरू. पालथ्या माणसाला कळलं की आता रडायचंय. मी काय दगड आहे? पण एक सांगतो, त्या बापाची पावलं खोटी होती.

सून : खोटी म्हणजे?

सासरे : पळून दमलेला माणूस टाच टेकवत नाही, पाय आपटतो. तो आपला शेवटपर्यंत टाच, बोटं, टाच, बोटं. माझ्यासारखाच कुणीतरी बिचारा बंद खोलीत जागच्या जागी चालत असणार, घरी जायची घाई असणार त्याला. मी हे कमी केलंय का? नायिकेच्या टाचांच्या चपला घालून मी वर्षानुवर्षं चाललो. तुझ्या सासूने एकदा बघितलं. म्हणाली, माझ्यापेक्षा बरे चालता.

सून : त्या असत्या तर आज तुम्हाला हलू दिलं नसतं.

सासरे : ती असती तर माझ्या पाठीवर बसून तिने स्वेटर विणला असता. पण ते जाऊ दे. तुझं म्हणणं सांग. त्या स्वीडिश सिनेमांत तुम्हा दोघांना काय दिसायचं? तो सुट्टीच्या दिवशी लावायचा आणि मी आपला उठून गच्चीवर जायचो. भिंतीवरचं घड्याळ ऐकायला तिकीट कशाला काढायचं, असं म्हणायचो मी त्याला. चिडायचा.

सून : चिडायचा नाही. तुम्ही गेलात की हसायचा. म्हणायचा, बाबा गच्चीवर गेले तरी कान इथेच आहेत.

सासरे : असं म्हणायचा?

सून : हो. आणि मला काय दिसतं ते विचाराल, तर आधी काहीच दिसायचं नाही. मीही पेंगायचे. मग एकदा एक बघितला. आई वारल्यावर बहीणभाऊ घर रिकामं करताहेत, एवढीच गोष्ट. एक कपाट दारातून बाहेर निघत नाही. दोघं ते आडवं करतात, तिरकं करतात, दारं काढतात. आईबद्दल चकार शब्द नाही. शेवटी कपाट तिथेच सोडून निघून जातात. मी घरी येईपर्यंत ठीक होते. रात्री भांडी घासताना रडू आलं.

सासरे : भांडी घासताना.

सून : अमेरिकन सिनेमा तिथल्या तिथे रडवून मोकळा करतो. बाहेर आलं की हलकं वाटतं, भूकसुद्धा लागते. स्वीडिश सिनेमा आपल्याबरोबर घरी येतो आणि कोपऱ्यात बसून राहतो. पाहुण्यासारखा, काही न मागता.

सासरे : असले पाहुणे फार जड. पण एक कबूल करतो, आवाजाची त्यांना चाड आहे. सकाळपासून ऐकतोय. ती म्हातारी कप विसळते, तर कपाचाच आवाज. पाणी आधी गार आहे, मग ऊन होतं, तेही ऐकू येतं.

सून : पाणी ऊन झालेलं ऐकू येतं?

सासरे : ऊन पाणी मऊ वाजतं. तू पाय नसलेल्यांना पाय करून देतेस, तुला नाही का कळत? माणसाला लाकडी पायाची सवय बसली की नाही ते तू त्याच्याकडे पाठ करून सांगतेस.

सून : लाकडी नाही हो आता. पण कळतं. पहिले काही दिवस माणूस ते पाऊल घाबरून टाकतो. मग एक दिवस विसरून टाकतो. त्या दिवशी आम्ही दवाखान्यात एकमेकींकडे बघतो फक्त, बोलत नाही.

सासरे : म्हणजे तुझा दवाखाना स्वीडिशच म्हण. तू पाय करतेस, मी पावलं केली. दोघांचं मिळून एक माणूस चालेल.

आत्या : कोण चालणार आहे? ठोक्या, मान खाली. पायरीवरून दिसलं मला, मान वर होती तुझी.

सासरे : ताई, तू वरच्या मजल्यावर राहतेस की माझ्या मानेवर? दार वाजवायची पद्धत तुला आईने शिकवलीच नाही.

आत्या : तू वाजवायचास ना सगळं. ताटं, दारं, माझी पाठ. उगीच नाव नाही पडलं ठोक्या. सूनबाई, हे सूप घे, कोमट आहे. नळीने पाज त्याला. आणि हे काय लावलंय? पुन्हा ती मुकी माणसं?

सून : स्वीडिश आहे आत्या. थांबवून ठेवलाय, शेवट राहिलाय.

आत्या : यांचा शेवट राहिलाय हे कळतं तरी कसं तुला? मी एकदा तुमच्याबरोबर बसले होते. एक बाई खिडकीशी उभी राहिली. मी वर जाऊन कपडे वाळत घालून आले, तर बाई तिथेच. म्हटलं बाई गं, बस तरी, पाय दुखतील.

सासरे : तुला आगी लागलेल्या हव्यात. इमारती पडलेल्या हव्यात.

आत्या : हव्यातच. घरात बसून एवढं बघायला मिळतं तर का नको? अमेरिकन सिनेमात पूल पडतो, शहर बुडतं, पण कुत्रं वाचतं. मला तेवढं पुरतं. जगात कुत्रं वाचण्याची हमी देणारं दुसरं कोण आहे? आणि त्यांची माणसं बोलतात. चुकलं, माफ कर, प्रेम आहे. धडाधड. आपल्या घरात असं कुणी बोललं असतं, तर निम्मी भांडणं झाली नसती.

सासरे : आपल्या घरात तूच बोलायचीस, बाकीच्यांना जागा कुठे होती?

आत्या : म्हणून तर तू ठोकायला शिकलास. बरं, गोष्ट काय आहे या तुमच्या मुक्यांची?

सून : तळ्याकाठी एक घर आहे. म्हातारी आणि तिचा मुलगा. म्हातारीची कंबर दुखावलेली, एक पाय ओढत चालते. मुलाला लांबच्या शहरात काम मिळालंय. त्याने अजून जायचं ठरवलेलं नाही, आणि ती विचारत नाही. दोघं मिळून जुनी बोट रंगवताहेत. सकाळपासून तेवढंच चाललंय.

आत्या : लांबच्या शहरात काम. हं. म्हणजे घरचीच गोष्ट की.

सून : आत्या, सूप छान झालंय.

आत्या : तू अजून चाखलं नाहीस. आणि डोळे मोठे करू नकोस माझ्यावर. ठोक्याला दिसत नाही म्हणून मलाही दिसत नाही का? आज पाचपर्यंत उत्तर द्यायचंय ना त्या लोकांना? सकाळी तू जिन्यात फोनवर बोलत होतीस, ते मी ऐकलं. चोरून नाही, दार उघडंच होतं.

सासरे : कुठल्या लोकांना?

आत्या : बघ, याला सांगितलंच नाहीस. अरे, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांसाठी हातपाय करायचा नवा विभाग निघतोय. तो हिने उभा करायचा, हिने चालवायचा. हाताखाली माणसं. राहायला घर. आणि ही बाई त्यांना म्हणते, घरी अडचण आहे, संध्याकाळपर्यंत कळवते.

सून : आत्या.

आत्या : काय आत्या? मी काय खोटं बोलले? आई म्हणायची, घर दोन तोंडांनी बोलतं, एक गेलं की भिंत बोलायला लागते. तुमच्याकडे तोंडं दोन आणि तरी भिंतच बोलतेय. ते सूप गार होतंय. मी वर आहे. डोळ्याच्या औषधाला मी उतरेन, आजही आणि पुढेही. हे दोघांनी ऐकून ठेवा.

सासरे : गेली?

सून : गेल्या. दार उघडंच टाकून.

सासरे : लोटून घे. आणि मला नळी दे आधी, नाहीतर ती परत येईल.

सून : हळू. पुरे?

सासरे : पुरे. किती दिवस झाले हे कळून?

सून : तुमचं ऑपरेशन ठरलं त्याच आठवड्यात.

सासरे : आणि तू गप्प राहिलीस.

सून : सांगण्यासारखं काही नव्हतं. मी नाहीच म्हणणार आहे. त्यांनीच ताणून धरलंय, म्हणतात विचार करा.

सासरे : नाही म्हणायचं कारण?

सून : कारण पालथं पडलंय समोर.

सासरे : हे बघ, आता मी बोलतो आणि तू मधे बोलू नकोस. माझं आयुष्य झालं. तुझं समोर आहे. तो गेला तेव्हा तुला माहेरी जाता आलं असतं, तू गेली नाहीस. तू सून म्हणून आलीस आणि लेक होऊन राहिलीस. पण लेकीला बापाने दावणीला बांधायचं नसतं. पाखराला पंख फुटले की फांदीने हलकं व्हायचं असतं. माझी काळजी करू नकोस. मी मजेत राहीन. तू जा, मोठी हो, त्या पोरांना पायांवर उभं कर, आणि मागे वळून बघू नकोस. मी खुशीने सांगतोय. मन मोठं करून सांगतोय.

सून : झालं?

सासरे : झालं.

सून : फक्त व्हायोलिन राहिलं.

सासरे : चेष्टा करतेस?

सून : नाही बाबा. कालच्या विमानतळावरच्या बापापेक्षा चांगलं बोललात. पण तुम्हीच म्हणालात ना, त्याची पावलं खोटी होती.

सासरे : माझं खोटं नाहीये.

सून : खोटं नसेल. पण पाठ केल्यासारखं आहे. ‘मजेत राहीन’ म्हणे. तो गेल्यावर पुढचे कितीतरी महिने तुम्ही असंच मजेत होतात. शेजारचे भेटायला आले की त्यांनाच धीर द्यायचात. आणि दुपारी त्याच्या खोलीत जाऊन टेपरेकॉर्डर चालू करून नुसते बसायचात. मी बघितलंय. विचारलं नाही कधी.

सासरे : त्या खोलीचा आवाज घेत होतो.

सून : रिकाम्या खोलीचा?

सासरे : रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. प्रत्येकीचा वेगळा. सिनेमात कुणी बोलत नसेल तिथे आम्ही तो भरतो, नाहीतर मध्येच खड्डा पडल्यासारखं वाटतं. म्हटलं, त्याची खोली जशी आहे तशी एकदा घेऊन ठेवावी. पुढे सामान हलेल, पडदे बदलतील, मग तो आवाज जाईल. आता तू विचारलंस म्हणून सांगितलं. तुझा तो स्वीडिश पाहुणा माझ्याकडेही मुक्कामाला होता, एवढंच.

सून : मला बोलावलं असतंत तर मीही बसले असते.

सासरे : दोघं बसलो असतो, तर खोली रिकामी कुठे राहिली असती?

सून : म्हणून म्हणते, मला घाईने ‘जा’ म्हणू नका. मी आज नाही कळवते. डोळा बरा होऊ दे, मग पुढचं पुढे. असं काम पुन्हा मिळेल.

सासरे : मिळेल?

सून : मिळेल कधीतरी. आता सिनेमा लावते, नाहीतर तुम्ही आणखी एक भाषण कराल.

सासरे : लाव. आणि सगळं सांग. सकाळी तू मध्ये मध्ये गप्प होत होतीस. खाली जी अक्षरं येतात ती वाचतेस ते ठीक, पण कोण कुठे बघतंय तेही सांग.

सून : सांगते. बोट रंगवून झालीय. निळी. किनाऱ्यावर उलटी ठेवलीय, अगदी तुमच्यासारखी. मुलगा ब्रश धुतोय. म्हातारी दारात उभी.

सासरे : आकाश कसं आहे?

सून : पांढरं. धुतलेल्या पातेल्यासारखं. आता म्हातारी येतेय.

सासरे : आली. ऐकतोय. एक पाय, आणि एक फरफट. हे ज्याने केलंय ना, त्याने स्वतः पायाला काहीतरी बांधलं असणार. नक्कल नाही ही. काय म्हणाली ती?

सून : ‘दुसरा हात द्यावा लागेल.’ रंगाचा. तो म्हणतो, ‘वाळू दे आधी.’

सासरे : बस, एवढंच? हेच अमेरिकेत केलं असतं तर? आईने आतापर्यंत बापाचं जुनं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं असतं. ‘जा बेटा, तुझ्या बापाचंही हेच स्वप्न होतं.’ मग तो निघाला असता, अर्ध्या वाटेतून परत आला असता, आणि ताईचं ते कुत्रं पुढे धावलं असतं.

सून : आणि तुम्ही रडला असतात.

सासरे : ढसाढसा. नाही कुठे म्हणतोय. आता काय?

सून : दुसऱ्या दिवशीची सकाळ. धुकं आहे. बोट पाण्यात उतरवलीय, दोराने बांधलीय. मुलगा घरातून बाहेर येतोय. जाड कोट, हातात बॅग. म्हातारी मागोमाग आली, पण पायरीवर थांबली. खांबाला हात लावून उभी आहे.

सासरे : तिच्याकडे बघतो का?

सून : बघतो. ती त्याच्या बुटांकडे बघते.

सासरे : बोलत नाहीत?

सून : नाही. तो धक्क्यावरून चालत जातो. फळ्या ओल्या आहेत.

सासरे : हं. मग?

सून : मग थांबतो. बॅग खाली ठेवतो. कोट काढतो. वळून परत येतो, पायरीवर बसतो. म्हातारी त्याच्या शेजारी बसते. दोघं पाण्याकडे बघतात. संपलं. नावं येताहेत.

(टीव्हीवर इंजिन धडधडतं. धडधड हळूहळू लांब जाते. मग नुसतं पाणी.)

सासरे : संपलं म्हणालीस.

सून : हो. नावं येताहेत.

सासरे : आणि हे इंजिन?

सून : मागे दुसरी कुणाची तरी बोट असेल.

सासरे : पोरी, बॅग लाकडावर ठेवली की तिचा कडीचा आवाज येतो. जाड कोट काढताना बाही अस्तरावर घासते. मी घोंगडी घेऊन तो आवाज शंभरदा केलाय. यातलं काहीच झालं नाही. झालं ते असं : तो फळ्यांवरून चालत गेला, एकसारखा, न थांबता. मग एक पाऊल पोकळ वाजलं. ते बोटीच्या तळावरचं. दोर पाण्यात पडला. आणि म्हातारीचा ओढता पाय तर आलाच नाही. ती जागची हलली नाही.

सून : आवाज कमी करते.

सासरे : मी रागावलो नाही. सांगणाऱ्याने गोष्ट थोडी वाकवावी, त्याला हरकत नाही. पण तू कधी वाकवत नाहीस. परवा त्या अमेरिकन सिनेमात मास्तर मेला, तेव्हा मी म्हटलं जिवंत ठेव त्याला, तर तू म्हणालीस मेला तो मेला.

सून : मला वाटलं, असा शेवट बरा वाटेल.

सासरे : कुणाला?

सून : तुम्हाला.

सासरे : आणि तो मुलगा? त्याला पायरीवर बसवून ठेवलंस ना. पुढे काय करतो तो तिथे?

सून : बोटीला दुसरा हात देईल.

सासरे : आणि मग?

सून : मग माहीत नाही. मला पुढचं दिसलं नाही.

सासरे : मला दिसलं. डोळ्यावर पट्टी असून दिसलं. म्हातारी रोज त्याला विचारते, बरा आहेस ना? तो म्हणतो, बरा आहे. आणि दोघंही दिवसभर जपून पाऊल टाकतात, आवाज होऊ नये म्हणून.

सून : मग तुम्ही तरी मघाशी काय केलंत? ‘मजेत राहीन.’ तोही वाकवलेलाच शेवट की. मी तुमच्याकडे बघून पायरीवर बसले आणि तुम्ही माझ्याकडे बघून भाषण केलंत.

सासरे : खरं आहे.

सून : मला ते नकोय बाबा. मला खरं सांगा. मग पुढचं काय ते मी बघेन.

सासरे : मान वर करू का थोडी? समोरासमोर बोलतो.

सून : नाही. असंच बोला. मला ऐकू येतंय.

सासरे : मला भीती वाटते.

सून : कसली?

सासरे : पडण्याबिडण्याची नाही. ताई आहे, ती मला पडूही देणार नाही. भीती संध्याकाळची. तू येतेस, पर्स खुंटीला लावतेस, आणि ‘आज काय ऐकलंत?’ म्हणतेस. ते कुणी विचारलं नाही, तर मी दिवसभर कशासाठी ऐकणार? तो गेला तेव्हा माझं अर्धं गेलं. उरलेलं अर्धं मी तुला गोष्टी सांगून सांगून उभं ठेवलंय. तू गेलीस तर ते उभं राहील की नाही, मला माहीत नाही. मन मोठं वगैरे काही नाही माझं. तू जाऊ नयेस असंच मला वाटतं. रोज वाटतं. आत्ताही वाटतंय.

सून : हे आधी का नाही सांगितलंत?

सासरे : सांगितलं असतं तर तू राहिली असतीस.

सून : आता सांगितलंत तर?

सासरे : आता तुला खरं हवं होतं म्हणून दिलं. त्यावर तू राहा असं मी म्हणत नाही, आणि जा असंही म्हणत नाही. माझ्याकडचं संपलं. आता तुझं. आल्यापासून बघतोय, माझा डोळा, माझी मान, माझं औषध, त्याआधी सासूचं दुखणं, त्याआधी त्याचं. तुझं म्हणून एक वाक्य या घरात मी ऐकलेलं नाही. माझ्या भीतीचं काय करायचं ते मी आणि ताई बघू. ती भीती बाजूला ठेव, डोळा बाजूला ठेव, तो गेला तेही घटकाभर बाजूला ठेव. तुला काय हवंय?

सून : टीव्ही बंद करते.

सासरे : कर.

सून : पाणी देऊ?

सासरे : नको.

सून : मान दुखतेय का? उशी थोडी पुढे सरकवते.

सासरे : पोरी.

सून : मला जायचंय, बाबा.